नऊ वर्षांच्या कुत्रीच्या गर्भाशयात पू झाला आहे, ऑपरेशन करावे का?

कृष्णाकाठ (शनिवार, रात्री ९.२०)

नमस्कार. आमची तांबी ही नऊ वर्षांची गावठी कुत्री आजारी आहे आणि तिच्याबाबतचा निर्णय आम्हाला उद्या सकाळपर्यंत घ्यायचा आहे, म्हणून सगळे सविस्तर लिहीत आहे. आमचे घर वाईजवळच्या एका गावात, शेताला लागून आहे. तांबीला वडिलांनी बाजारातून येताना पिशवीत घालून आणले, तेव्हा तिचे डोळे नुकतेच उघडले होते. तेव्हापासून ती त्यांच्या मागे-मागे हळदीच्या रानात असते. तिची नसबंदी केलेली नाही. आजवर तिला दोनदा पिल्ले झाली.

होळीच्या सुमारास ती माजावर आली होती. त्या दिवसांत शेजारच्या वस्तीवरचा कुत्रा अंगणात शिरला, आणि या वयात पुन्हा पिल्ले नकोत म्हणून आम्ही तिला एक इंजेक्शन देऊन आणले. त्यात नेमके काय होते ते कागदावर लिहून मिळाले नाही. त्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी ती खूप पाणी पिऊ लागली. तिच्यासाठी ओट्यावर जर्मनचे एक पातेले असते, त्यात साधारण लिटरभर पाणी मावते. एरवी दिवसाकाठी ते एकदा भरले तरी पुरायचे, ते आता तीनदा भरावे लागते. उन्हाळ्यामुळे असेल असे समजून आम्ही दुर्लक्ष केले, आणि ही चूक मला आता फार लागते आहे. मग ती रात्री ओट्यावरच लघवी करू लागली, भाकरी नुसती हुंगून सोडू लागली, आणि गेल्या रविवारी तिला दोनदा पिवळी उलटी झाली.

जवळच्या एका खाजगी डॉक्टरांना दाखवले. त्यांनी पोटाला हात न लावताच वयाचे आहे असे सांगून दोन इंजेक्शने दिली. दोन दिवस ती थोडी तरतरीत वाटली आणि पुन्हा पडून राहिली. आज साताऱ्यात दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले, तेव्हा त्यांनी लगेच सोनोग्राफी केली. गर्भाशय पुवाने भरले आहे, त्याचे तोंड बंद असल्यामुळे पू बाहेर पडत नाही, याला पायोमेट्रा म्हणतात आणि उद्याच गर्भाशय काढावे लागेल, असे ते म्हणाले. खर्च अठरा ते वीस हजार रुपये सांगितला आहे. रक्त तपासायला दिले असून अहवाल थोड्या वेळात येईल.

वडील बहात्तर वर्षांचे आहेत. त्यांचे म्हणणे असे की नऊ वर्षांच्या कुत्रीला भूल सोसणार नाही, मुक्या जिवाला शेवटच्या दिवसांत चिरफाड करून हाल करू नयेत, तिला तिच्या ओट्यावर शांत पडू द्यावे. त्यांनी आयुष्यभर गुरे सांभाळली आहेत, त्यामुळे त्यांचा शब्द मला सहज मोडवत नाही. भाऊ बुधवारी पुण्याहून येणार आहे, तोवर गोळ्यांवर थांबावे असे आई म्हणते. औषधांनी हा आजार बरा होतो का, बुधवारपर्यंत थांबणे चालेल का, आणि या वयात ऑपरेशन करणे म्हणजे खरोखरच तिचे हाल करणे आहे का, हे कृपया अनुभवी लोकांनी सांगावे.

निवृत्त पशुवैद्य (शनिवार, रात्री १०.०५)

ताई, मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन विकास अधिकारी म्हणून एकतीस वर्षे काम केले आहे. रुग्णाला हात न लावता निदान करणे योग्य नाही, हे प्रथम सांगतो. मात्र माजानंतरचे सहा-सात आठवडे, अति तहान, उलटी आणि सोनोग्राफीतील पुवाने भरलेले गर्भाशय हे सगळे एकाच दिशेला बोट दाखवते. साताऱ्याच्या डॉक्टरांनी जे सांगितले ते बरोबर आहे, आणि मी तिथे असतो तर मीही तेच सांगितले असते.

हा आजार कसा होतो ते समजले तर आपल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यातच मिळतील. माज संपल्यावर कुत्रीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सुमारे दोन महिने चढलेले राहते, मग ती गाभण असो वा नसो. त्याच्या प्रभावाने गर्भाशयाचे अस्तर जाड होते, त्यात स्राव साठतो, गर्भाशयाचे आकुंचन थांबते आणि तोंड मिटते. माजाच्या काळात आत शिरलेल्या जंतूंना, बहुतेक वेळा ई. कोलाय या जंतूला, तिथे वाढायला आयतीच जागा मिळते. दर माजाला हे अस्तर थोडे-थोडे बिघडत जात असल्यामुळे हा आजार मुख्यतः मध्यम आणि उतारवयातील, नसबंदी न झालेल्या कुत्र्यांना होतो. स्वीडनमध्ये कुत्र्यांचा विमा उतरवण्याची पद्धत सर्रास आहे. तेथील विम्याच्या नोंदींवरून असे दिसले की नसबंदी न केलेल्या साधारण चार कुत्र्यांपैकी एकीला वयाच्या दहा वर्षांच्या आत हा आजार गाठतो. पिल्ले राहू नयेत म्हणून दिलेल्या इंजेक्शनात एस्ट्रोजेन असेल, तर त्यानेही हा धोका वाढतो. तुमच्या तांबीला काय दिले ते आता कळणार नाही, पण असे इंजेक्शन दिले होते हे उद्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पाण्याचे म्हणाल तर ई. कोलायच्या विषामुळे मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. पाणी शरीरातून वाहून जाते, म्हणून तहान लागते. निरोगी कुत्रे दिवसाला दर किलो वजनामागे साधारण चाळीस ते साठ मिलिलिटर पाणी पिते. शंभराच्या वर गेले तर ते उन्हाचे मानू नये. उन्हाळ्यात ही खूण भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते, तेव्हा स्वतःला दोष देत बसू नका.

आता औषधांविषयी. गर्भाशयाचे तोंड उघडे असेल, कुत्री तरुण असेल आणि मालकाला तिची पिल्ले हवी असतील, तर काही विशेष इंजेक्शनांनी पू बाहेर काढण्याचा प्रयत्न केला जातो, आणि त्यातही पुढच्या माजानंतर आजार उलटण्याची भीती मोठी असते. इथे तोंड बंद आहे. नुसत्या प्रतिजैविकांनी ताप उतरतो, कुत्री दोन दिवस उठून बसते, पण पुवाची पिशवी जिथल्या तिथेच राहते. पहिल्या इंजेक्शनांनंतर तुम्ही हेच पाहिलेत. ही पिशवी पोटात फुटली किंवा विष रक्तात पसरले तर मग कोणत्याही डॉक्टरच्या हातात फारसे काही उरत नाही. म्हणून बुधवारपर्यंत थांबू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ऑपरेशनआधी काही तास सलाईन आणि प्रतिजैविके देऊन तिला सावरून घेणे वेगळे, त्या थांबण्याचा फायदा होतो. भाऊ येईपर्यंत चार दिवस थांबणे धोक्याचे आहे.

आज रात्री एवढे पाहा. ताप १०० ते १०२.५ अंश फॅरनहाइटच्या दरम्यान असावा. तो वाढला तर वाईटच, पण ९९ च्या खाली घसरला तर त्याहून वाईट. हिरडीवर बोट दाबून सोडले की पांढरा ठिपका दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. हिरड्या विटकरी लाल, पांढरट किंवा निळसर दिसल्या, किंवा ती उभीच राहू शकली नाही, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. पोट दाबून पाहू नका. माणसांची पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी घरात असेल तर ती चुकूनही देऊ नका. पाणी तोडू नका, खाणे मात्र डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेपासून बंद ठेवा.

खर्च फारच जड जात असेल तर खंबाटकी घाट ओलांडल्यावर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथल्या रुग्णालयात खाजगीपेक्षा बराच कमी खर्च येतो. उद्या रविवार आहे, म्हणून निघण्याआधी ऑपरेशन होईल का याची फोनवर खात्री करा. नाही म्हणाले तर सोमवारची वाट पाहू नका, साताऱ्यातच करा. रक्ताचा अहवाल आला की आकडे इथे लिहा.

गोदातीर (शनिवार, रात्री १०.४०)

ताई, आमच्या राणीला अकराव्या वर्षी हाच आजार झाला होता, आणि तुमच्यासारखीच एक रात्र आम्ही नाशिकला जागून काढली. डॉक्टरसाहेबांनी वैद्यकीय बाजू सांगितलीच आहे, म्हणून ऑपरेशननंतर घरात प्रत्यक्ष काय होते तेवढेच मी लिहिते, कारण त्या वेळी आम्हाला ते कोणी सांगितले नव्हते.

पहिल्या रात्री ती विव्हळते. भूल उतरताना कुत्री अशी कण्हतात, ते सगळे दुखण्याचे नसते, हे आम्हाला ठाऊक नव्हते आणि मी रात्रभर रडत होते. तिला थंडी वाजते, म्हणून पोत्यावर जुनी गोधडी टाकून भिंतीच्या आडोशाला ठेवा. ओट्यावर किंवा पायऱ्यांपाशी ठेवू नका, कारण झोकांडी जाऊन ती पडू शकते. दुसऱ्या दिवशी सकाळी राणी स्वतः उठून अंगणाच्या कोपऱ्यात गेली आणि तिथे लघवी करून परत आली. आम्हाला तेवढ्यानेच हायसे वाटले. अन्नाला मात्र तिने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोंड लावले. मऊ भात आणि मीठ न घालता उकडलेल्या कोंबडीचे चार तुकडे तिने माझ्या हातातून खाल्ले. कांदा-लसूण घातलेला रस्सा देऊ नका, तो कुत्र्यांना एरवीही चालत नाही.

गळ्यात घालायची प्लास्टिकची कॉलर राणीला मुळीच सोसेना. ती दारावर आपटायची आणि घाबरून एका जागी उभी राहायची. मग डॉक्टरांना विचारून माझ्या यजमानांचे जुने सुती बनियन तिला घातले. पुढचे पाय बाह्यांतून काढायचे आणि मागे शेपटीच्या वर गाठ मारायची, म्हणजे टाके झाकले जातात. बनियन रोज धुतलेले हवे आणि लघवीला नेताना गाठ सोडायची. तांबी ते दाताने फाडत असेल तर मात्र कॉलरच ठेवा, कारण एकदा टाके उसवले तर सगळेच पुन्हा करावे लागते. बाराव्या दिवशी टाके काढले. राणी त्यानंतर अडीच वर्षे जगली आणि गेली तेव्हा या आजाराने गेली नाही.

कृष्णाकाठ (शनिवार, रात्री ११.१५)

डॉक्टरसाहेब, ताई, आपले आभार कसे मानावेत ते कळत नाही. अहवाल आला आहे. पांढऱ्या पेशी ४६,०००, हिमोग्लोबिन ९.८, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा) २.१, वजन १८ किलो. आत्ता ताप १०३.४ आहे. हिरड्या लालसर आहेत, दाबल्यावर रंग दोन सेकंदांत परत येतो. दिवसाला तीन पातेली पाणी म्हणजे तीन लिटर होतात. आपण सांगितलेल्या हिशेबाने तिच्या वजनाला १८०० मिलिलिटर ही हद्द होती, हे लिहिताना माझाच हात थांबला.

क्रिएटिनिनचा आकडा ऐकून वडील आणखी खचले आहेत. त्यांच्या एका मित्राच्या कुत्र्याची मूत्रपिंडे गेली होती आणि त्याला महिनाभर रोज सलाईन लावूनही तो गेला. तांबीचेही तेच होणार असेल तर तिला टेबलावर घेऊच नये, असे ते म्हणतात. आत्ता ते तिच्याजवळ ओट्यावर बसले आहेत आणि कोणाशी बोलत नाहीत. त्यांच्या मनाविरुद्ध तिला उचलून गाडीत घालण्याचे धाडस मला होत नाही. पैशांची सोय भाऊ करतो म्हणाला आहे, त्यामुळे तो प्रश्न आता राहिलेला नाही.

सावंतवाडीकर (शनिवार, रात्री ११.५०)

ताई, आपल्या वडिलांची बाजू मला पूर्णपणे समजते, कारण गेल्या वर्षी मी स्वतः माझ्या कुत्र्याचे ऑपरेशन नाकारले. आमचा वाघ्या चौदा वर्षांचा होता. प्लीहेत गाठ झाली होती, ती फुटून पोटात रक्त साठले होते आणि छातीच्या एक्स-रेमध्ये फुप्फुसातही गाठी दिसत होत्या. प्लीहा काढता येईल असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी त्यांना एकच गोष्ट विचारली होती: सगळे मनासारखे पार पडले, तर एका महिन्याने तो कसा असेल? त्यांनी खरे उत्तर दिले की तो बहुधा पुन्हा याच टेबलावर असेल, किंवा नसेल. आम्ही त्याला घरी आणले, दोन दिवस त्याच्याजवळ बसलो आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी घरी येऊन त्याला दयामरण दिले. त्या निर्णयाबद्दल मला आजही टोचणी नाही.

हाच प्रश्न आपण तांबीच्या डॉक्टरांना वडिलांच्या समोर विचारा. माझ्या समजुतीप्रमाणे तांबीच्या बाबतीत उत्तर अगदी वेगळे येईल. जे अवयव सडले आहेत तेच काढून टाकायचे आहेत, आणि ते काढल्यावर हा आजार शरीरात उरत नाही. महिन्याने ती रानात वडिलांच्या मागे असण्याची शक्यता खरोखरच मोठी आहे. दुसरे असे की ओट्यावर शांत पडू देणे हा पर्याय इथे मिळणारच नाही. पोटात पू असलेले जनावर शांत जात नाही, ते उलट्या करत, तापाने फणफणत दोन-चार दिवस काढते. वडिलांनी आयुष्यभर गुरे पाहिली आहेत. व्याल्यावर वार (गर्भवेष्टन) न पडलेल्या गाईचे काय होते, हे तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांना अधिक ठाऊक असेल. त्यांना तेच उदाहरण द्या. वार कुजू लागली तर ते गाईला गोठ्यात तशीच पडू देत नसत.

ऑपरेशन करायचे नाही असेच शेवटी ठरले, तर मात्र तिला तशीच पडू देऊ नका. डॉक्टरांना बोलावून दयामरण द्या. हे लिहिणे कठोर वाटेल, पण तिच्यावरच्या मायेनेच लिहीत आहे.

निवृत्त पशुवैद्य (रविवार, पहाटे ५.४०)

अहवाल आत्ता पाहिला. पांढऱ्या पेशी सहा ते सतरा हजारांपर्यंत असाव्यात, म्हणजे शरीर जोराने झुंजत आहे. क्रिएटिनिन २.१ हे वाढलेले आहे, पण या आजारात ते बऱ्याचदा शरीरातले पाणी कमी झाल्यामुळे आणि जंतूंच्या विषामुळे वाढते, आणि सलाईन व ऑपरेशननंतर खाली येते. वडिलांच्या मित्राच्या कुत्र्याचा आजार मुळात मूत्रपिंडाचाच असावा, ती गोष्ट निराळी. तांबीचे मूत्रपिंड पूर्ण पूर्वपदावर येईलच अशी हमी कोणी देऊ शकणार नाही, आणि भुलेचा धोकाही शून्य नसतो, हे वडिलांपासून लपवू नका. तरीही वेळेत ऑपरेशन झालेल्या बहुसंख्य कुत्र्या वाचतात.

डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: ऑपरेशनआधी किती वेळ सलाईन देणार, श्वासनलिकेत नळी घालून भूल देणार का, आणि आज रात्री तिच्याजवळ कोण असेल. रात्री तिथे माणूस नसेल तर घरी कसे सांभाळायचे ते लिहून घ्या. गाडीत तिला आडवे झोपवून न्या, पोटाला धक्का लागू देऊ नका.

कृष्णाकाठ (बुधवार, संध्याकाळी ७.३०)

आपण सगळे वाट पाहत असाल, उशिराबद्दल क्षमा असावी. रविवारी पहाटे मी वडिलांना सावंतवाडीकर दादांचा मजकूर वाचून दाखवला. कुजलेल्या वारेचे वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला सांगितले. मग काही न बोलता त्यांनी गोठ्यातून स्वच्छ पोते आणले आणि गाडीच्या मागच्या सीटवर अंथरले.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी चार तास सलाईन देऊन दुपारी ऑपरेशन केले. गर्भाशय दोन्ही अंडाशयांसह काढले. त्याचे वजन पावणेदोन किलो भरले, आणि एका जागी ते इतके पातळ झाले होते की आणखी एक-दोन दिवस काढता आले नसते असे डॉक्टर म्हणाले. रविवारची रात्र तिला तिथेच ठेवले. सोमवारी सकाळी घरी आणले, तेव्हा गोदातीर ताईंनी लिहिल्याप्रमाणे ती रात्रभर कण्हत होती, पण काय अपेक्षित आहे ते माहीत असल्यामुळे आम्ही घाबरलो नाही. बनियन वडिलांचे आहे आणि ते तिने फाडलेले नाही. काल क्रिएटिनिन १.५ आले. शुक्रवारी पुन्हा रक्त तपासायचे आहे, कारण ते आणखी उतरते की तिथेच थांबते हे डॉक्टरांना पाहायचे आहे. खाणे अजून बेताचेच आहे, दोन्ही वेळेला मूठभर भात.

डॉक्टरसाहेब, पाण्याचा हिशेब ठेवायला आपण सांगितले नव्हते, पण तो वडील स्वतःच ठेवत आहेत. ओट्याच्या खांबावर खडूने रेघ मारतात. सोमवारी तीन रेघा होत्या, काल दोन. आज दिवे लागणीपर्यंत पातेले एकदाच भरावे लागले आहे आणि त्यातही तळाशी थोडे पाणी शिल्लक आहे.